ब्रेकथ्रू मागण्याआधी: देवकेंद्रित उपासना म्हणजे नेमके काय?

जानेवारी लागला की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत मोबाइलवर एकाच धाटणीचे निरोप येऊ लागतात. ‘21 दिवसांची उपवास-प्रार्थना’, ‘हे वर्ष तुमच्या ब्रेकथ्रूचे’, ‘या आणि बंधने तुटताना पाहा’. जालन्यात, छत्रपती संभाजीनगरात, बीड-परभणीकडच्या वस्त्यांवर मांडव पडतात आणि रात्र-रात्र प्रार्थना चालते. शेजारी विचारतात, ‘तुमच्यात हे ब्रेकथ्रू म्हणजे काय असतं?’ पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही ते नीट सांगता येत नाही. कुणाला वाटते नोकरी लागणे, कुणाला दारू सुटणे, कुणाला सावकाराचे कर्ज फिटणे.

त्याच निरोपाच्या खालच्या ओळीत बहुधा आणखी एक शब्द असतो, ‘देवकेंद्रित उपासना’. दोन्ही शब्द एकाच कागदावर छापले जातात, पण ओढतात मात्र दोन दिशांना. एकाच्या मध्यभागी देव आहे आणि दुसऱ्याच्या मध्यभागी माझी अडचण. ही ओढाताण सोडवल्याशिवाय त्या मांडवात आपण नेमके काय करतो हे कळणार नाही.

आधी दोन्ही शब्द समजून घेऊ

उपासना म्हणजे देवाला देव म्हणून मान देणे. गायन, प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रवचन, प्रभुभोजन, अर्पण हे सगळे तिच्यात येते. ती देवकेंद्रित आहे की नाही हे कसे ओळखायचे? त्यासाठी जालन्याचाच धागा हाती घेता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या परंपरेतले. त्या परंपरेत 1647 साली तयार झालेली एक प्रश्नोत्तरी मुलांना पाठ करायला लावतात. तिचा पहिलाच प्रश्न आहे, माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू काय? उत्तर असे की देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणे. त्या उत्तरात आशीर्वाद, यश, आरोग्य यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. आनंद आहे, पण तो देवाच्या ठायी. देवाकडून मिळणाऱ्या वस्तूंच्या ठायी नाही.

आता ब्रेकथ्रू. अडलेली वाट मोकळी होणे, घट्ट बसलेले बंधन तुटणे, हा त्याचा साधा अर्थ. प्रचारक ज्या वचनाचा आधार देतात ते बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. इस्राएलचे शत्रू पलिष्टी, त्यांची फौज रफाईम खोऱ्यात पसरली होती. इस्राएलचा राजा दावीद याने आधी देवाला विचारले, चढाई करू का? होकार मिळाला आणि विजय झाला. तेव्हा दावीद म्हणाला की पाण्याचा लोंढा बांध फोडून जातो तसा परमेश्वर माझ्या शत्रूंवर तुटून पडला. त्या जागेला बआल-परासीम, म्हणजे ‘फोडून जाणारा प्रभू’, हे नाव पडले.

सभांमध्ये कथा बहुधा इथेच थांबते, आणि याची मला खंत वाटते, कारण महत्त्वाचा भाग पुढेच आहे. पलिष्टी पुन्हा आले, त्याच खोऱ्यात पसरले. दावीदाजवळ आता हुकमी पद्धत होती, तरीही त्याने पुन्हा विचारले. या वेळी उत्तर वेगळे आले: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागून जा, झाडांच्या शेंड्यांवर पावले वाजल्यासारखा आवाज येईपर्यंत थांब. खोरे तेच, शत्रू तोच, देव तोच, पण वाट निराळी. ब्रेकथ्रूचा ठराविक नुस्खा असता तर दावीदाला दुसऱ्यांदा विचारायची गरजच नव्हती. नुस्खा हाती असलेला माणूस देवाला विचारत नाही, नुस्खाच वापरतो.

विहिरीवरचे बोलणे

उपासनेबद्दल येशूचे सर्वांत खोल बोलणे मंदिरात झालेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ते एका विहिरीवर होते. भर दुपार. येशू प्रवासाने दमून विहिरीजवळ बसलेला. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला येते आणि तो तिला प्यायला पाणी मागतो. ती चपापते, कारण यहूदी शोमरोन्यांशी असला व्यवहार ठेवत नसत. पाणवठे वेगळे असण्याचा अर्थ मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली, अनेक घराणी ज्या वाड्या-वस्त्यांतून आली, त्यांना गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची मुभा नव्हती.

बोलता बोलता ती बाई वादाचा मुद्दा काढते. आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत, तुम्ही म्हणता यरुशलेमच खरी जागा. येशू म्हणतो, अशी वेळ येत आहे की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही. खरे उपासक पित्याची उपासना ‘आत्म्याने व खरेपणाने’ करतील.

खरेपणाने म्हणजे काय ते त्याच संभाषणात दिसते. थोडे आधी येशूने तिच्या आयुष्यातली दुखरी जागा उघडी केली होती: पाच नवरे झाले, आता जो आहे तो नवरा नाही. ती पळून गेली नाही, सारवासारवही केली नाही. शेवटी घागर तिथेच टाकून गावात गेली आणि लोकांना म्हणाली, चला, ज्याने माझे सगळे मला सांगितले तो माणूस पाहा. त्या दिवशी तिचे घर बदलले, संसाराची घडी बसली असे शास्त्र कुठेही सांगत नाही. ज्या गोष्टीची तिला लाज वाटायला हवी होती तिचाच उल्लेख करून ती गावाशी बोलली. एकटी आलेली बाई गावाला घेऊन परतली. मला विचाराल तर नव्या करारातला सर्वांत मोठा ब्रेकथ्रू हाच.

तुटते काय?

उन्हाळ्यात विहिरीचा गाळ निघताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सहज कळेल. पाणी आटलेले असते. यारी लागते, माणसे खाली उतरतात, घमेली भरभरून वर येतात. त्यात कुजलेला पाला, फुटके डबे, चपला, पिशव्या, वर्षानुवर्षे साचलेला काळा चिखल. बुडाचा खडक उघडा पडला की कपारीतून बारीकसा पाझर दिसू लागतो. गाळ काढणाऱ्याने तो झरा तयार केलेला नसतो. झरा तिथेच होता, फक्त बुजला होता.

देवकेंद्रित उपासनेत असेच घडते, अशी ख्रिस्ती समजूत आहे. देवाची मूठ घट्ट मिटलेली आहे आणि आपण जोरात गाऊन, उपाशी राहून, रात्र जागून ती उघडायला लावतो, असे नाही. बुजलेले आपल्या बाजूला असते: धरून ठेवलेला राग, भावकीतले जुने वैर, लपवलेले पाप, माणसांची भीती, पैशावरचा विसावा. देवासमोर बसल्यावर हे एकेक वर येऊ लागते. ते वर येणे सुखाचे नसते. म्हणूनच पुष्कळांना फक्त उत्साहाची गाणी हवी असतात आणि पापकबुलीची प्रार्थना नकोशी होते.

याचे आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनचे. 1905 साली तिथे जे आध्यात्मिक जागरण झाले त्याच्या हकिकती जगभर गेल्या. तिथल्या कित्येक मुली दुष्काळाच्या तावडीतून वाचलेल्या होत्या. आजच्या भाषेत ज्याला ब्रेकथ्रू म्हणता येईल त्याची सुरुवात तिथे कशाने झाली? गटागटाने केलेल्या प्रार्थनेने, मग रडत केलेल्या पापकबुलीने. सुकाळ मागण्याचा तो कार्यक्रम नव्हता. जागरणाबद्दल बोलताना लोक तिथल्या अद्‌भुत गोष्टीच सांगतात. कबुलीचा भाग गळून जातो.

देवाला एवढी स्तुती कशाला हवी?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्याला नास्तिक ठरवू नये. आपली स्तुती करा म्हणणारा माणूस आपल्याला आवडत नाही, मग देव तसे का म्हणतो? पन्नासाव्या स्तोत्रात देवच याचे उत्तर देतो. मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातले सगळे माझेच आहे. स्तुतीने देवाच्या पदरात काही पडत नाही. मध्यभागी कुणाला बसवायचे याचा निर्णय मात्र माणसाला रोज घ्यावाच लागतो. तिथे देव नसेल तर जागा रिकामी राहत नाही. भीती, पैसा, जात, पुढारी यांपैकी कुणीतरी येऊन बसते.

पण पौल आणि सीला गायले म्हणून तर तुरुंग उघडला!

स्तुती-आराधनेच्या सभांत हा दाखला हमखास येतो, म्हणून तो नीट पाहू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा. फिलिप्पै शहरात येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला यांना छड्यांनी फोडून काढले आणि आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून टाकले. मध्यरात्रीच्या सुमारास ते प्रार्थना करत होते, गीते गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. एकाएकी भूकंप झाला, दारे उघडली, सगळ्यांची बंधने सुटली.

इथपर्यंत वाचले की सूत्र तयार होते: गा, म्हणजे दारे उघडतील. पण त्या दोघांच्या गाण्यात सुटकेची मागणी होती असे लेखक लूक सांगत नाही. आणि दारे उघडल्यावर ते बाहेर पडलेच नाहीत! कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून जीव द्यायला निघाला, तेव्हा पौल ओरडला, स्वतःला इजा करून घेऊ नको, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले. ज्याने खोड्यात पाय अडकवले त्याच्याच हातांनी पाठीचे वळ धुतले गेले. भूकंपाहून हे मोठे आहे.

शिवाय हाच पौल पुढे कैसरियात दोन वर्षे कैदेत होता, नंतर रोममध्येही. तिथे भूकंप झाल्याची नोंद नाही. पौलाचे गाणे कमी पडले का? तुरुंगात असतानाच त्याने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले, आणि त्यात ‘आनंद करा’ हा सूर पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सतत सलणारा त्रास, काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा राहिला.

जुन्या करारात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो भट्टीच्या तोंडाशी उभे राहून राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि नाही सोडवले, तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. देवकेंद्रित उपासना त्या ‘नाही सोडवले, तरी’वर उभी आहे. ते शब्द काढले की उरतो तो नवस. नवसाची भाषा मराठवाड्यात घरोघर ठाऊक आहे आणि निष्काम भक्तीची भाषाही. संतांनी दोन्हींतला फरक आपल्याला फार पूर्वीच शिकवला आहे. ‘तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो’ असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, ते उगाच नव्हे.

मग मागायचेच नाही का?

मागायचे, भरपूर मागायचे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर आहे. फक्त क्रम पाहा: आधी तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, तुझी इच्छा पूर्ण होवो, मग भाकर, मग क्षमा. क्रम उलटला तरी मागणे तेच राहते, पण मागणारा बदलतो. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत मागितले की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि लगेच म्हटले, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

आणि रडायचेही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, सुखाच्या ओळीवर संपत नाही, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. आपल्याकडे 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि 2025 च्या सप्टेंबरात उभी पिके पाण्याखाली गेली. अशा भागातल्या मंडळीला हबक्कूक संदेष्ट्याचे शब्द पोथीतले वाटत नाहीत. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे तो म्हणतो. हा माणूस पिकाचे नुकसान नाकारत नाही, एकेक करून मोजतो. नुकसान मोजून झाल्यावर मग गातो. सोयाबीन गेलेल्या शेतकऱ्याला ‘स्तुती करा, सगळं ठीक होईल’ म्हणणे ही हबक्कूकाची रीत नव्हे.

हार्मोनियम की ड्रम?

यावर मंडळ्या फुटल्या आहेत, म्हणून उल्लेख करतो, पण फार वेळ घालवण्यासारखे त्यात नाही. टाळ-तबल्यावरची ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली जुनी गीतेही सवयीने, मन घरी ठेवून गाता येतात, आणि कीबोर्ड-ड्रमवरचे नवे गाणेही पूर्ण मनाने गाता येते. वाद्याऐवजी शब्द तपासावेत. गाण्यात ‘मी, मला, माझे’ किती वेळा येते, आणि देव कोण आहे, त्याने काय केले हे किती येते? नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाला जे गातो ते वर्षभर विसरतो का?

‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ आणि ‘गोळ्या बंद करा’

या दोन गोष्टींविषयी मोघम बोलणे मला पाप वाटते. अर्पण हे कृतज्ञतेचे असते. ‘एवढी रक्कम द्या, एवढा ब्रेकथ्रू मिळेल’ असे जिथे सांगतात तिथे उपासना थांबली आणि सौदा सुरू झाला असे खुशाल समजावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाच्या जादूगाराने देवाचे दान पैशाने घेऊ पाहिले, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला फटकारले. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पदराची गाठ सोडवणारा प्रचारक कितीही गोड गात असला तरी त्याला नाही म्हणता आले पाहिजे.

आजाराचेही तसेच. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलावून प्रार्थना करायला सांगितले आहे, ती आम्ही करतो आणि करत राहू. पण शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. क्षयाच्या साध्या रुग्णाला निदान 6 महिने गोळ्या घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून ‘देवाने बरे केले, आता गोळ्या नको’ म्हणत त्या सोडल्या तर आजार औषधाला दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. विश्वासाने प्रार्थना करा आणि गोळी वेळेवर घ्या. या दोन्हींत भांडण लावणारा माणूस शास्त्र सांगत नाही.

रविवारनंतर

आमोस संदेष्टा मेंढपाळ होता. त्याच्या काळच्या लोकांची उपासना जोरात चालली होती: सण, बळी, वीणा, गाणी. देवाच्या वतीने तो सांगतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. कारणही देतो. हे लोक शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बसलेले असतात आणि मनात म्हणत असतात, हा दिवस कधी संपतो आणि आपण धान्य विकायला कधी बसतो; माप लहान करू, वजनात लबाडी करू, गरिबाला जोड्याच्या मोलाने विकत घेऊ. आपण याला मापात पाप म्हणतो. मजूर लावणारा मुकादम, आडतीवर बसणारा, बचत गटाचे हिशेब ठेवणारी, शाळेत शिकवणारा, यांच्यातला जो कुणी मंडळीत असेल त्याची सोमवारची उपासना तिथे होते. येशू तर म्हणतो, वेदीशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर.

खेड्यातल्या मंडळीत कापणीच्या सणाला हे डोळ्यांनी दिसते. कुणी ज्वारीची कणसे आणते, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो. ज्याचे पीक गेले तोही मूठभर तूर घेऊन येतो, आणि कुणीतरी ती मूठ मुद्दाम चढ्या बोलीने घेते, तुरीच्या भावाशी तिचा काही संबंध नसतो. त्या बोलीत जी उपासना आहे ती कित्येकदा मोठ्या स्टेजवर सापडत नाही.

वर्षे गेली आणि काहीच हलले नाही, तर?

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि तो बहुतेक वेळा कुणी मोठ्याने विचारत नाही. नवरा अजून पितो, मूल अजून अंथरुणात आहे. अशा माणसाला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ म्हणणे ही क्रूरता आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत आणि त्याच यादीत करवतीने चिरले गेलेले, वचनाची पूर्तता न पाहता मेलेलेही आहेत. दोघांच्याही विश्वासाची तिथे सारखीच वाखाणणी आहे. सगळे गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर बरोबर वागले. कारणे सांगायला लागले आणि चुकले.

म्हणून पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना माझी एक विनंती आहे. आपल्या सभांत साक्षीची वेळ असते. ज्यांना नोकरी लागली, ज्यांचे ऑपरेशन चांगले झाले, ते पुढे येऊन साक्ष देतात, आणि ते योग्यच आहे. त्या वेळेतला काही भाग ज्यांना अजून उत्तर मिळालेले नाही आणि तरी जे दर रविवारी येऊन बसतात, त्यांच्यासाठी ठेवा. त्यांना माइक द्या, घाई करू नका, मध्ये हालेलुया म्हणून त्यांचे वाक्य तोडू नका. आणि सभा संपल्यावर त्यांच्या घरी कोण जाणार, हे तिथेच ठरवा.